सातव्या ठोक्याला चप्पल सुटते

"ही ठोकाठोक या घरात चालणार नाही. वाजवायचंच असेल तर उंबऱ्याबाहेर."

किती वर्षं लोटली, तरी तो आवाज घड्याळजीच्या कानातून गेला नव्हता. त्या दिवशी घरात कुणी उलट बोललं नव्हतं. दार तेवढं वाजलं होतं.

आता पासष्टी ओलांडल्यावर तो तबकड्यांच्या दुकानात उभा होता, हातात पेपरचं कात्रण घेऊन. 'सातवा मजला' नावाच्या रॉक बँडला वीस वर्षं झाली होती, आणि तिथून आठव्या शनिवारी बँडचे चौघे याच दुकानात सह्या द्यायला येणार होते. त्याआधी त्याला त्यांचे सातही अल्बम ऐकायचे होते.

दुकानवाल्या बाईने चष्म्यावरून पाहिलं. सहीपुरती एक तबकडी बास होते, म्हणाली. तो म्हणाला, होत असेल, पण रांगेत अडाण्यासारखं उभं राहायचं नाहीये. उत्तर बाईला आवडलं. तिने अट घातली : आठवड्याला एकच, आणि क्रमाने. पहिला पचल्याशिवाय दुसरा मिळणार नाही.

पहिला अल्बम घेऊन तो दोन दिवसांत परत आला. माल खराब आहे, सुई दर सातव्या ठोक्याला अडखळते. आपण यंत्र उघडून तेल दिलं, पातळी लावून पाहिली, दोष तबकडीतच आहे. बाई पोट धरून हसली.

"घड्याळकाका, ती चूक नाही. तीच चाल आहे. सात मात्रांची."

तो ओशाळला. जन्मभर त्याने लोकांची टिकटिक सरळ करून दिली होती, आणि इथे चार माणसं ती मुद्दाम वाकडी करत होती. घरी जाऊन तो टेबलावर बोटांनी मोजत बसला. सहापर्यंत सरळ रस्ता, सातव्याला चप्पल सुटल्यासारखं. चौथ्या दिवशी बोटं चुकली नाहीत.

"म्हातारपणी ठोकाठोक गोड लागायला लागली वाटतं," भाजी निवडता निवडता बायको म्हणाली.

त्याने आवाज थोडा वाढवला. तिनेही कमी करायला सांगितला नाही.

दुसऱ्या अल्बमात कीबोर्डचे ढगच्या ढग होते. तिसऱ्यात तबकडीची अख्खी बाजू एकाच गाण्याने व्यापली होती, एका दीपगृहाच्या राखणदाराची बावीस मिनिटांची गोष्ट. ती त्याने तीनदा ऐकली, मध्ये खाकरलासुद्धा नाही. पण बाईच्या एक लक्षात आलं. सगळी गिऱ्हाइकं गिटारवर जीव टाकायची, हा विचारायचा तो फक्त ड्रमबद्दल. कव्हरवर ड्रमपुढे एवढंच छापलेलं असे : लोलक. खरं नाव कुणाला ठाऊक नाही, बाई म्हणाली. लोलक मुलाखत देत नाही, आणि घराचा विषय तर काढूच देत नाही.

मग तिने त्याच्याकडे निरखून पाहिलं. "तुमच्याही हातात कधीतरी वाजवायची खाज असणार. घरचे कडक होते का?"

"बाप कडक होता," तो म्हणाला, आणि चौथा अल्बम पिशवीत टाकला.

चौथा एकाही वाद्याने सुरू होत नव्हता. भिंतीवरचं घड्याळ होतं ते. टिक, मग लांब श्वास, मग तोकडं टॉक. हळूहळू ड्रमने ते लंगडेपण खांद्यावर घेतलं आणि नाचवत रस्त्याला लावलं. त्याने सुई उचलून पुन्हा पहिल्यापासून लावली. स्वयंपाकघराच्या दारात बायको ओले हात घेऊन उभी होती. तिने एकदा आपल्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि आत गेली. नळ बराच वेळ वाहत राहिला.

पुढच्या आठवड्यात तो बाईला म्हणाला, "ते घड्याळ डावीकडे कललंय. सरळ करायचं तर मिनिटभराचं काम."

इतक्या वर्षांत हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्या दिवसापासून बाई येईल त्या गिऱ्हाइकाला सांगू लागली की हे आमचे घड्याळकाका, यांचा कान बघा. तोही मागे राहिला नाही. मनगटी घड्याळाचा पट्टा बदलायला आलेल्या माणसाला सात मात्रा समजावल्याशिवाय सोडीना. पाचव्या अल्बमाला चाहते नाकं मुरडत, त्यासाठी तो भांडायला उठे. त्यात ड्रम वाट बघतात, म्हणे. जिथे वाजवायचं नाही तिथे हात आवरायला छाती लागते. हे बोलताना त्याची स्वतःचीच छाती वीतभर फुगलेली असे.

सातवा अल्बम संपला आणि शनिवार उजाडला. बायकोने सदरा स्वतः इस्त्री करून दिला. दारात म्हणाली, "नुसती सही घेऊन येऊ नका. सांगायचंय ते सांगून या."

रांगेत पुढे एक डॉक्टरीणबाई होत्या. नातवासाठी आलात का, त्यांनी विचारलं. स्वतःसाठी, तो म्हणाला, आणि दीपगृहाच्या गाण्याचा शेवटचा तुकडा पाठीमागच्या फळीवर वाजवून दाखवला, सातव्याला चप्पल सोडून. मग कुणीतरी टाळी वाजवली. गल्ल्यावरून बाई ओरडली, "माझे शिष्य आहेत ते."

टेबलाच्या टोकाला लोलक. आखूड केस, मनगटाला पट्टी, मान खाली. घड्याळजीने चौथा अल्बम पुढे सरकवला.

"कुणाच्या नावाने लिहू?" मान वर न करताच प्रश्न आला.

"'बाबांना' असं लिही, पोरी," तो म्हणाला. "ते घड्याळ मी अजून सरळ केलेलं नाही."