पीळ न धरणारं गवत

भागाबाई झोरे सड्यावर, वाडीवरच्या कातळपठारावर, गवत कापत होत्या. पेंढी बांधायला त्यांनी मूठभर काड्यांना पीळ दिला आणि काड्या तटकन तुटल्या.

"ताई, ह्ये आमचं न्हवं. आमचं गवात पीळ धरतं."

वनस्पतिशास्त्रज्ञ मृदुलाने डोक्यावर घिरट्या घालणाऱ्या ड्रोनकडे पाहिलं. बंगल्यांच्या बागांतून सुटलेलं शोभेचं गवत तो पंधरा वर्षं लाल तुऱ्यांवरून ओळखून उपटत होता. "परदेशी गवत शून्य," असं तो आजही सांगत होता, पण रानफुलं दरवर्षी घटतच होती.

आता तिला उलगडा झाला. लाल तुऱ्यांची रोपं उपटली गेली आणि गावठी गवतासारखी दिसणारी तेवढी वाचली. त्यांचंच बी पसरलं. ड्रोननेच त्या गवताला वेषांतर शिकवलं होतं.

"मावशी, वाडीत पेंढी कुणाकुणाला बांधता येते?"

"येत न्हाई असं एक माणूस दाखवा."

दुसऱ्या दिवशी चाळीस बायका सड्यावर चढल्या आणि गवताच्या एकेका झुबक्याला पीळ देत, तुटेल तो उपटून टाकू लागल्या.

तिसऱ्या भाद्रपदात सडा रानफुलांनी कड्यापर्यंत जांभळा झाला. ड्रोन अजून उडतो, पण भागाबाईंच्या मागून. त्यांनी पीळ देऊन टाकलेलं तेवढं तो उचलतो.