तिसरी हाक

"अण्णा, बरं वाटतंय ना?" भिंतीवरच्या स्पीकरनं दुसऱ्यांदा विचारलं. अण्णा गप्पच.

शहरातल्या ऑफिसात मृण्मयी ताडकन उठली. वडिलांच्या यांत्रिक हृदयाचा स्विच तिनंच कॉम्प्युटरच्या स्क्रिप्टवर सोपवला होता. तिसऱ्या हाकेलाही आवाज आला नाही, तर हृदय मिनिटभर बंद करून पुन्हा चालू करायचं. मध्येच थांबवायची सोयही तिनंच काढून टाकली होती.

कॅमेऱ्यात अण्णा ठणठणीत दिसत होते, ताकभात कालवत होते. तेव्हा तिला आठवलं, कालच चातुर्मास लागला. जेवताना अण्णांचं मौन!

"अण्णा, बोला! नाहीतर हृदय बंद पडेल!" ती स्पीकरवरून ओरडली.

अण्णा हसले. त्यांना बोलतं करायला लहानपणीही ती असल्याच थापा मारायची. त्यांनी डाव्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं आणि घास उचलला.

"अण्णा, बरं वाटतंय ना?" स्पीकरनं तिसऱ्यांदा विचारलं.