सोमवारची रेघ

दंडावरच्या पट्टीने पांडबा चौगुलेच्या पेशींवरचा ताण महिनाभर मोजला होता. ताण सोसणाऱ्या पेशी तग धरायला शिकतात आणि मग कॅन्सर पसरतो, हे फाउंड्रीच्या डॉक्टरांनीच त्याला समजावलं होतं. म्हणून त्याला भट्टीवरून बदली हवी होती.

"घरी भांडणं होतात का?" डॉक्टरांनी विचारलं. "डोकं शांत ठेवा."

पांडबाने आलेख पुढे सरकवला. "सोमवारी सुट्टी, साहेब. दिवसभर बायकोशी भांडतो. सोमवारची रेघ बघा, सपाट हाय. मंगळवारी भट्टीपुढं उभा ऱ्हायलो की चढती. शांत व्हायला त्या भट्टीला सांगा."

डॉक्टरांनी मान डोलावली, बदलीचा अर्ज बाजूला ठेवला आणि पांडबाचं नाव ध्यानवर्गात घातलं. वर्ग पाळी सुटल्यावर होता.