सिग्नल येत होता

कॉम्प्युटरचा पंखा फिरत होता. सुरू झाल्याचा सूरही वाजला. स्क्रीन मात्र काळी.

रागिणीने मॉनिटरच्या मागची केबल काढली, पिना बघितल्या, फुंकर मारली, परत लावून दोन्ही स्क्रू आवळले. काळीच. अकराच्या आत लॉगिन झालं नाही तर हैदराबादच्या कंपनीची परीक्षा हातची जाणार होती. मोबाइलवर ती चालत नव्हती, कॅमेरा लावलेला कॉम्प्युटरच हवा होता. आधीच्या फेऱ्या पार पडल्या होत्या, ही शेवटची. अकोल्यात तिच्या शिक्षणाची नोकरी नव्हती, आणि चौतिसाव्या वर्षी पुन्हा कुणी बोलावेल असं तिला वाटत नव्हतं.

"जुना झाला तो," पलंगावरून तिचे वडील शेषराव म्हणाले. "कुलदीप कॉलेजात होता तवाचा. किती चालन?"

"दादाच्या वेळचा असला तरी काल चालू होता ना बाबा. अभ्यास केला त्याच्यावर."

कूलर बंद होता, कारण दोन्ही एका वेळी लावले की वीज जायची. घाम कोपरावरून गळत होता. तिने कॅबिनेट उघडलं, रॅमची पट्टी काढून खोडरबराने घासली, परत बसवली. पुन्हा तोच सूर, तोच अंधार. मॉनिटरचा हिरवा दिवा लुकलुकत नव्हता, स्थिर होता. म्हणजे सिग्नल येत होता. सिग्नल येतो आणि दिसत मात्र काहीच नाही, हे तिला समजेना. दुरुस्तीवाला श्याम फोन उचलत नव्हता.

"चौकातल्या कॅफेत जाऊन पाहू काय?" ती उठली.

शेषराव पलंगावरून उतरून तिच्याजवळ आले. "एवढ्या वेळात कुठं पोचशीन? तिथं कॅमेरा असन, नसन. पुन्हा वायर काढून पाय. होते सुरू. थांब, मी धरतो."

त्यांनी मॉनिटर दोन्ही हातांनी उचलून धरला, तिला मागचं नीट दिसावं म्हणून. त्यांचे दंड थरथरायला लागले.

"राहू द्या बाबा. हात दुखन."

"दुखू दे. तुह्या कामापुढं हाताचं काय घेऊन बसली?"

ती थांबली. पुन्हा केबल काढली, पुन्हा लावली.

अकरा वाजून गेले. मोबाइलवर कंपनीचा मेल आला, उमेदवार गैरहजर. रागिणी स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन फरशीवर बसून राहिली. रडली नाही.

"जाऊ दे माय," शेषराव म्हणाले. "आपल्या नशिबात नसन."

तेवढ्यात श्यामचा फोन आला. "ताई, गाडीवर होतो. मॉनिटरचा दिवा स्थिर हाये न? मंग मोबाइलचा टॉर्च स्क्रीनवर तिरपा मारा बरं. पुसट काही दिसते काय?"

आता काय उपयोग, असं म्हणता म्हणता तिने टॉर्च मारला. काळ्या काचेत, तळाशी बुडाल्यासारखी चित्रं दिसली. तिचं अभ्यासाचं फोल्डर, पत्त्यांचा खेळ, सगळं जागच्या जागी.

"दिसून राहिलं," ती म्हणाली.

"मंग काहीच बिघडलं नाही. ब्राइटनेस वाढवा. कोणीतरी कमी केला असन."

मेनू उघडून तिने टॉर्चच्या उजेडात वाचलं. ब्राइटनेस शून्य. कॉन्ट्रास्टही शून्य. एवढं खाली यायला बटण बराच वेळ दाबून धरावं लागतं, दोनदा. चुकून होत नाही. बटणं मॉनिटरच्या खालच्या कडेला होती, सहज नजरेला न पडणारी. घरात ती दोघांनाच ठाऊक. दुपारी पत्ते खेळताना बाबांचे डोळे दुखतात म्हणून तिनेच त्यांचं बोट धरून ती दाखवली होती.

तिने आकडे वर नेले. स्क्रीन उजळली. ती वळली तेव्हा शेषराव खिडकीबाहेर बघत होते.

"बाबा, तुमी केलं?"

"मले वाटलं," ते म्हणाले, "आजचा दिवस निंघाला म्हणजे झालं."

"काहून?"

"काहून म्हणजे? तू चालली हैदराबादले. कुलदीप अमरावतीले हाये, पण त्याच्या घरी मले कोणी विचारते काय? तू गेल्यावर मी एकटा काय करू इथं? मले साधा चहा मांडता येत नाही."

"तसं सांगायचं होतं मले."

"सांगतलं असतं तं राहिली असती तू?"

"राहिली असती," रागिणी म्हणाली.

शेषरावांनी तिच्याकडे पाहिलं. मग ते स्वयंपाकघरात गेले. गॅस पेटल्याचा आवाज आला. मग डबा, मग चमचा, मग गाळणी. कोणती वस्तू कुठं आहे, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही.

थोड्या वेळाने ते दोन कप घेऊन आले. एक तिच्यापुढे फरशीवर ठेवला आणि ती पिते का ते बघत उभे राहिले.

रागिणीने एक घोट घेतला. आलं ठेचून टाकलेलं होतं. साखर बेताची.

चहा चांगला झाला होता.