कडेपासून लांब

मॅडमनी दगडाला जीभ लावली.

पत्र्याच्या शेडमध्ये, हिऱ्यांच्या शोधात जमिनीच्या पोटातून काढलेले दगडाचे लांब दांडे ओळीने मांडले होते. ओला झाला की दगड खरा रंग दाखवतो, म्हणून भूगर्भाचा अभ्यास करणारी माणसं बिनदिक्कत दगड चाटतात. हिला तर लहानपणापासूनच खोड. तेव्हा ती खडे तोंडात टाकायची आणि मोठा भाऊ हनुवटीखाली तळहात धरून, दटावून ते बाहेर काढायला लावायचा. तोच भाऊ आता समोर उभा होता, ड्रिलचा मिस्त्री म्हणून. आईचं घर विकण्यावरून दोघांचं बिनसलं आणि तेव्हापासून तोही तिला मॅडमच म्हणू लागला.

"उद्या आमचं मशीन दुसरीकडे जाणार," तो म्हणाला. "शेवटचं भोक कुठे पाडायचं तेवढं सांगा. दरीपाशीच ना? जमीन फाटलीय तिथे?"

"नाही. तिकडे, आत."

"तिथे काय आहे मॅडम? नुसता सपाट माळ."

तिने डोळे मिटले. हे सांगायची वेळ आली की ती मनाने स्वतःच खाली उतरायची. मुळांखालून, पाण्याखालून, खडक मऊ होतो तिथवर. तिथे जुन्या जमिनीचं जाड, थंड बूड होतं आणि त्यात हिरे निवांत पडून होते.

"जमीन फाटते कडेला," ती हळूच म्हणाली, "पण ते तिथेच थांबत नाही रे. खाली कळ उठते. बुडाशी सरकत सरकत ती आत जाते, वर कुणाला पत्ताही नसतो. मग कधीतरी, कडेपासून लांब, अशाच एखाद्या गप्प जागी उसळते. येताना हिरे घेऊन येते."

'रे' तोंडातून निसटला होता. दोघांनीही तो ऐकला.

"कधीतरी म्हणजे?"

"खूप उशिरा."

तो माळाकडे बघत राहिला. उद्या हा गेला की कामापुरतं बोलणंही संपणार होतं. तिला तो हवा होता, भांडणासकट हवा होता. रडू दिसू नये म्हणून ती वाकली आणि पुन्हा दगडाला जीभ लावली. डाळिंबाच्या दाण्यासारखा एक लाल कण सुटून तोंडात आला.

"दादा, घराचं..." शब्द कणाला अडखळले.

तेलाने काळा झालेला तळहात तिच्या हनुवटीखाली आला.

"थुंक," तो म्हणाला. "आधी थुंक."