मुकादमाचा वाटा

कौशल्याबाईचा पत्रा भट्टीतून बाहेर आला, तेव्हा रंगराव मुकादमाची टोपली निम्मी भरली होती.

दिवाळी तोंडावर आलेली. रविवार असल्यामुळे बांधकामाला सुट्टी, म्हणून पिंपरीत टहलरामच्या बेकरीपुढे बायकांची रीघ लागली होती. मैदा, साखर, तूप घरून आणायचं, तिथंच परातीत मळायचं, गोळे पत्र्यावर मांडायचे आणि टहलरामने ते भट्टीत सारायचे. नानकटाई भाजून बाहेर आली की पहिली ओळ मुकादमाच्या टोपलीत जायची. ही रीत कुणी पाडली, ते कुणी विचारत नसे. माळावर नव्या कारखान्याच्या भिंती उभ्या राहत होत्या. सकाळी फाटकातून कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला माघारी धाडायचं, हे रंगरावच्या मर्जीवर होतं.

टोपली पुढ्यात घेऊन तो बाकावर बसला होता. छबूबाईने आपली ओळ टोपलीत घातली. त्यातली एक उचलून त्याने दाताखाली धरली आणि म्हणाला, "वेलदोडा कमी पडला गं." छबूबाई ओशाळून हसली.

"पुढं कोण? ज्योतीरामाची का?" रंगराव म्हणाला. "तू दोन वळी घाल, बाई. दिवाळी झाली की त्याला राखणीवर लावायचाय न्हवं? सायबापुढं तोंड मलाच वाजवाया लागतं."

श्रावणात खडी फोडायच्या मशीनमध्ये कौशल्याबाईच्या नवऱ्याचा, ज्योतीरामचा, उजवा हात मनगटापासून गेला होता. मशीनचा पट्टा निसटतोय, हे त्याने आदल्याच दिवशी मुकादमाला सांगितलं होतं. "चालतंय तवर चालव," मुकादम म्हणाला होता. नंतर राखणीच्या कामाचं बोलणं निघालं. आधी पोळा होऊ दे म्हणाला, मग दसरा होऊ दे, आता दिवाळी. दर वेळी कौशल्याबाई काहीतरी घेऊन त्याच्या दारात उभी राहिली होती. एकदा शेंगा, एकदा घरातली अंड्यावरची कोंबडी. आज दोन ओळी.

टहलरामने लांब दांड्याने पत्रा ओढून कडेला आणला. कौशल्याबाईने गोणपाटाची दुहेरी घडी करून तो दोन्ही हातांनी उचलला.

"बाई, नीचे रखो, जल जाओगी," टहलराम ओरडला.

तिने तो खाली ठेवला नाही. तशीच चालत ती मुकादमासमोर आली आणि पत्रा त्याच्या छातीशी धरला.

"घ्या."

"टोपलीत घाल की."

"टोपलीत न्हाई. हातात घ्या."

रंगराव हसला. बायकांकडे बघून पुन्हा हसला. "खुळी का काय तू? पत्रा रसरसलाय नुसता."

"व्हय, रसरसलाय. आमच्या मालकांनी बी तुमास्नी सांगितलं व्हतं, पट्टा निसटतोय म्हनून. तुमी काय म्हनला? चालतंय तवर चालव." तिचा आवाज चढला नाही. "आता तुमी बी धरा. तुमचं तर दोन्ही हात धड हायती."

बायकांचे परातीतले हात थांबले. छबूबाईने पदर तोंडाशी नेला. गोणपाट करपल्याचा वास यायला लागला, तरी पत्रा जागचा हलला नाही. रंगरावने मांडीवरचे हात नकळत मागे घेतले, धोतराच्या सोग्यात लपवले. मग सगळ्याजणी आपल्या हातांकडेच बघताहेत हे त्याच्या ध्यानात आलं, आणि तो तटकन उठला.

"खाली ठेव म्हनतो ना!"

"धरवत न्हाई, असं म्हना. मग ठेवते."

तो टोपली काखेत मारून पायरी उतरला आणि तिथून गरजला, "उद्यापास्नं ज्योतीराम फाटकापाशी दिसला, तर बघ!"

"दिसनार. मी बी दिसनार," कौशल्याबाई म्हणाली. "तुमच्याकडं न्हाई येत आमी, सायबाकडं येतोय. पट्ट्याचं सांगाया."

तो वळणापलीकडे गेला. टहलरामने धावत येऊन पत्रा धरला, बाकावर ठेवला आणि तिच्या तळव्यांवर माठातलं पाणी ओतत राहिला. छबूबाई पुटपुटली, "काय करून बसलीस गं बाई." पण तिने कौशल्याबाईची नानकटाई एकेक करून डब्यात भरून दिली. एकही तुटू दिली नाही.

ज्योतीराम खोलीच्या उंबऱ्यात बसला होता. रिकामी बाही त्याने नेहमीसारखी खोचून घेतली होती. डबा बघून त्याने पहिलं तेच विचारलं.

"मुकादमाला दिली का?"

"दिली व्हती. त्यास्नी धरवली न्हाई."

त्याला उमगेना. मग तिचे तळवे दिसले. तिने बसून सगळं सांगितलं.

"म्हंजी राखणीचं काम गेलं," तो म्हणाला.

"ते हात गेला तवाच गेलं व्हतं. आपुन नुसतं त्याचं तोंड गोड करत बसलो व्हतो."

तिने डब्याचं झाकण काढून डबा त्याच्यापुढे सरकवला. अजून ऊन होती नानकटाई. ज्योतीरामने डावा हात पुढे केला. अजून त्या हाताला अंदाज कळत नव्हता. पहिली नानकटाई मुठीतच चुरली. त्याने चुरा झटकला आणि दुसरी घेतली.