थेंबातला मांडव

वेशीबाहेरच्या काजूच्या बागेत चुली पेटल्या होत्या, तेवढ्यात गौरजाला पायवाटेवरून बाबा येताना दिसले. एका हातात काठी, दुसऱ्या हातात पंच्यात बांधलेलं अंथरूण. तिच्या हातातलं पातेलं हातातच राहिलं.

गावपळण होती. दर काही वर्षांनी ग्रामदेवतेचा कौल होतो आणि सगळं गाव गुराढोरांसकट, कोंबड्या-कुत्र्यांसकट तीन दिवस वेशीबाहेर राहतं. त्या दिवसांत गावात भुतंखेतं नांदतात म्हणे. एकटे बाबा, गावाचे काशिनाथ मास्तर, कधी वेस ओलांडत नसत. शाळेत विज्ञान शिकवणारा माणूस. गाव परत आलं की पोरं धावत त्यांच्याकडे जात आणि मास्तर हात पुढे करीत, “चिमटो काढून बघा रे, भूत आसंय की माणूस!” लहानपणी गौरजाही त्या रांगेत उभी राहिली होती. तिचा पहिला प्रयोग तोच.

“मास्तरांनु!” बाबली गावकर चुलीपासूनच ओरडला. “अखेर देवान तुमका भायर काढल्यानच मां?”

“व्हय रे बाबली. देवापुढे कोणाचा काय चलता?” असं म्हणून मास्तर दमून एका दगडावर टेकले.

चुलीभोवती हशा पिकला.  गौरजा आधीच थकली होती. पुण्यातला प्रकल्प बंद पडला तेव्हा ती स्वतः जुळवलेलं यंत्र घेऊन घरी आली होती. माजघरात हादरे शोषायला स्कूटरच्या फुगवलेल्या ट्यूबा, त्यांवर चिऱ्याची लादी आणि लादीवर ते यंत्र. रेझिन नावाच्या चिकट द्रवाच्या थेंबात लेसरचा किरण शिरे आणि त्याचं टोक जिथे एकवटे, तेवढाच कण घट्ट होई. कणाला कण जोडत थेंबाच्या आत एक मांडव उभा राही. परसात काकडीच्या वेलाला घालतात तसाच, पण जिवंत पेशींना चढण्यासाठी. नुसत्या डोळ्यांना तो दिसतसुद्धा नसे. शेवटी उरलेलं पातळ रेझिन धुऊन टाकलं की मांडव मोकळा.

बंगळूरच्या प्रयोगशाळेला तिच्याकडून एक धड मांडव हवा होता. जमला तर तिथे काम, नाही तर कणकवलीच्या क्लासात शिकवण्या. पण एकही सरळ येत नव्हता. ती मांडव पुण्याला धाडी, तिथली मैत्रीण सूक्ष्मदर्शकातून फोटो काढून पाठवी आणि प्रत्येक खांबावर बारीक लाटा दिसत. किरण चालू असताना जमीन जराशी थरथरली तरी कण जागा चुकत.

“ह्या लाटा कसल्या गो?” बाबांनी परवाच फोटो बघून विचारलं होतं.

“शेजारच्या पंपाच्या,” मान वर न करता ती म्हणाली होती.

आज गाव रिकामं होणार म्हणून तिने यंत्र बॅटरीवर चालू करून ठेवलं आणि बाहेर पडली. बाबा नेहमीसारखे घरीच राहणार, पडवीतल्या आपल्या खुर्चीत, हे तिने धरलेलंच होतं. भिंतीच्या पलीकडेच यंत्र. त्याबद्दल त्यांच्याशी काही बोलायला तिची जीभ रेटली नव्हती.

बाबलीची नात तन्वी मास्तरांसमोर येऊन उभी राहिली. तिचा चेहरा पडला होता.

“मास्तरांनु, मगे आता आमी चिमटो कोणाक काढायचो?”

मास्तरांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला.  गौरजा चहाचा कप घेऊन त्यांच्याजवळ गेली.

“बाबा, कित्याक इलास तुमी? ह्या वयात लोकांकडून हसू करून घेऊक?”

बाबांनी कप घेतला आणि उजव्या गुडघ्यावर टेकवला. तो पाय हलतच होता. गेल्या वर्षी कंपवात जडल्यापासून तो थांबलाच नव्हता. चहावर बारीक लाटा उठत होत्या, एकामागून एक, सारख्या अंतराच्या. दोघंही त्या लाटांकडे बघत राहिली.

“शेजारचो पंप,” बाबा हळूच म्हणाले, “चतुर्थीपासून जळान पडलो हा गो.”